वीस व्हायोलिनांचा एक सूर

कधी कधी मनाला दुसरं काही चालतच नाही. पन्नास-साठच्या दशकातली हिंदी चित्रपटगीतंच हवी असतात. आधी व्हायोलिनांचा लोट, मग बासरीचा तुकडा, मग तलत किंवा लता. 'जुन्या आठवणी, दुसरं काय!' असं लोक म्हणतात. आठवणींचा वाटा आहेच, पण ही ओढ विशीतल्या मुलांनाही लागते. म्हणजे त्या आवाजातच काहीतरी असलं पाहिजे.

माझ्या मते ते आहे व्हायोलिनांचं किंचित न जुळणं. शाळेतले विस्पंद आठवा, म्हणजे जवळजवळच्या दोन सुरांमुळे आवाजाचं होणारं चढणं-उतरणं. एक व्हायोलिन ४४० हर्ट्झला (सेकंदाला ४४० कंपनं), दुसरं ४४२ ला वाजलं, तर आवाज सेकंदाला दोनदा चढतो-उतरतो. वादक वीस असले की जोड्या होतात १९०, आणि प्रत्येक जोडीची लय वेगळी! शिवाय तारेच्या मूळ नादाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे सहायक नादही वाजतात. आठपट कंपनसंख्येच्या सहायक नादापर्यंत तो २ हर्ट्झचा फरक १६ वर गेलेला असतो. खालचा नाद संथ डोलतो, वरचे झपाझप लुकलुकतात. त्यात प्रत्येक वादकाचं बोट तारेवर आपापल्या गतीने थरथरत असतं. ही सगळी हालचाल कानाला सुटी करता येत नाही, म्हणून ती एकच भरदार, मऊ सूर होऊन ऐकू येते.

वीस व्हायोलिनांच्या ध्वनिलाटा एकमेकींशी पाऊल जुळवून चालत नाहीत, त्यामुळे एकूण आयाम (लाटेची उंची) वीसपट न होता सरासरी वीसच्या वर्गमुळाइतका, साडेचारपट होतो. उलट एकाच व्हायोलिनचं ध्वनिमुद्रण संगणकावर वीसदा तंतोतंत एकावर एक ठेवलं, तर आवाज नुसता मोठा होतो, भरत नाही.

एवढा ताफा कागदावर मांडायला स्वरलेखन यावं लागतं. ते गोव्याच्या चर्चच्या शाळांनी शिकवलं. शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे वाद्यमेळाची मांडणी करणारे, सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्याच माजोर्ड्याचे. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत या मंडळींची नावं क्वचितच आली, याचं दुःख वाटतं.

'४३२ हर्ट्झचं संगीत रोग बरे करतं' असे व्हिडिओ हल्ली फिरतात. त्याला कसलाही आधार नाही. सेकंद हे माणसानं ठरवलेलं माप, त्यावर मोजलेल्या आकड्यात दैवी शक्ती कुठून येणार? आपल्याकडे तर षड्ज गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे लावतात.

मेंदूत खरोखर काय होतं ते मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं. आवडत्या संगीतातली उत्कट जागा येते तेव्हा मेंदूत डोपामीन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं. पण ती जागा येण्याआधीही, नुसत्या वाट पाहण्यात, मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवू लागलेलं असतं. म्हणून सुरुवातीचं संगीत पुढे ढकलून थेट मुखड्यावर जाऊ नका. गाणं तिथूनच सुरू झालेलं असतं.