स्पोर्ट्स कारला मोठी चाकं बसवण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

चाक एखादा इंच मोठं केलं की गाडीचा रुबाब बदलतो, हे खरंच आहे. म्हणूनच बरेच ग्राहक मोबाइलवर फोटो दाखवून "हेच मॅगव्हील (अलॉय व्हील) पाहिजे" म्हणतात. डिझाइन तुमच्या आवडीचं. ते तुमच्या गाडीवर बसेल का आणि बसलं तर टिकेल का, हे मात्र पाच-सहा आकड्यांवर ठरतं. ऑर्डर देण्याआधी हे पत्रक वाचा, कारण एकदा टायर चढवलेलं मॅगव्हील सहसा परत होत नाही.

आमचं मत आधीच सांगतो. सोलापुरात रोज चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या मापापेक्षा एक इंच वाढ पुरेशी आहे. दोन इंच बसतात, दिसतातही छान, पण त्याची किंमत साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, मोजते.

टायरचं माप आणि एकूण उंची

टायरवर २२५/४५ आर १७ असं लिहिलेलं असतं. २२५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के साइडवॉलची उंची आणि १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. साइडवॉल झाली १०१ मिमी. रिमचे ४३१.८ मिमी आणि वरखालची साइडवॉल मिळून टायरची एकूण उंची ६३४ मिमी होते. रिम मोठी केली तरी ही एकूण उंची जवळपास तीच राहिली पाहिजे. सगळा हिशोब यावर उभा आहे.

आता १८ इंची रिम घेऊ. २२५/४० आर १८ ची उंची ६३७ मिमी, म्हणजे फरक अर्धा टक्का. उत्तम. २३५/४० आर १८ ची ६४५ मिमी, पावणेदोन टक्के जास्त. चालेल, पण मडगार्डमधली जागा मोजूनच. २२५/४५ आर १८ मात्र ६६० मिमी होतो, चार टक्के जास्त. "आकडा एकच बदलला" म्हणून हा टायर घेणारे असतात आणि मग स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर लायनरला (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला) घासतो. स्पीडोमीटरचा हिशोबही चुकतो: मूळ टायरवर जिथे गाडीचा खरा वेग १०० असायचा, त्याच काट्यावर आता तो १०४ असतो. शिवाय गिअरिंग तेवढंच लांब पडतं, त्यामुळे पिकअप मंदावतो. स्पोर्ट्स कारला हा उलटाच सौदा. आम्ही दोन टक्क्यांच्या आत राहतो.

ह्युंदाई आय २० एन लाइनवर १९५/५५ आर १६ येतो, उंची ६२१ मिमी. त्यावर १७ इंची करायची असेल तर २१५/४५ आर १७ (६२५ मिमी) किंवा २०५/४५ आर १७ (६१६ मिमी) ही दोन्ही मापं बसतात. यातलं २०५ चं माप हलकं, पण साइडवॉल ९२ मिमी. २१५ मध्ये ९७ मिमी मिळते. आपल्याकडे ते पाच मिलिमीटर कामाला येतात.

साइडवॉल: सोलापूरकरांनी इथे थांबून विचार करावा

२२५/४५ आर १७ ची साइडवॉल १०१ मिमी, २२५/४० आर १८ ची ९०, आणि २२५/३५ आर १९ ची फक्त ७९. रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबर आणि हवा मिळून उशी एवढीच. खड्ड्याची कड टायरला लागते तेव्हा साइडवॉल रिमच्या कडेपर्यंत दाबली जाते, कड आणि रिम यांच्या चिमट्यात आतले धागे तुटतात. बाहेर काही दिसत नाही. दोन-चार दिवसांनी त्या जागी लिंबाएवढा फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही. पॅच, ट्यूब, काहीही नाही. तो कधीही फुटू शकतो, म्हणून बदलायचाच.

आपल्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावरचं डांबर लाटेसारखं वरखाली होतं. त्यात चर खोदून बुजवलेले पट्टे आणि पट्टे न मारलेले गतिरोधक. पुणे किंवा हैदराबाद महामार्गावर १९ इंची चाकं झकास पळतील, पण गाडी शेवटी जुळे सोलापूर, होटगी रोड, पेठांमधून घरी यायची असते. गाडी फक्त रविवारी सकाळी महामार्गावर काढणार असाल तर दोन इंचांचा विचार करा. रोज कामावर नेणार असाल तर नको.

पकड हवी असेल, तर त्याच मापात चांगल्या दर्जाचा टायर घेतल्याने जो फरक पडतो तो नुसती रिम मोठी करून पडत नाही. बजेट मर्यादित असेल तर आधी टायरवर खर्च करा.

लोड इंडेक्स, एक्सएल आणि हवा

मापानंतर ९१ वाय, ९२ डब्ल्यू असं काही लिहिलेलं असतं. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो, ९२ म्हणजे ६३०. अक्षर वेगाचं: एच २१० किमी, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. नवीन टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे हा भाराचा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको.

यात एक गोम आहे आणि ती फार कमी जण सांगतात. २२५/४० आर १८ साध्या बांधणीत ८८ चा येतो, म्हणजे ५६० किलो. ९२ हवा असेल तर एक्सएल, म्हणजे जादा भाराचा टायर घ्यावा लागतो. पण एक्सएल टायर आपले ६३० किलो ४२ पीएसआयला पेलतो, तर साधा ९१ चा टायर ६१५ किलो ३६ पीएसआयलाच पेलतो. जुन्या टायरमध्ये ३३ हवा ठेवत असाल आणि नव्या एक्सएलमध्येही ३३ च ठेवली, तर नवा टायर जुन्यापेक्षा कमी भार पेलतो. तेवढ्याच भारासाठी हिशोब ३७ च्या आसपास जातो. खड्ड्यात रिम वाकण्याचं मोठं कारण कमी हवा हेच असतं.

हवा टायर थंड असताना भरायची, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना किंवा सकाळी घरून निघाल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरच्या आत. टायरमधली हवा साधारण साडेपाच अंश तापली की दाब एक पीएसआय वाढतो. मे महिन्यात दुपारी लांबून आल्यावर पंपावर दाब ४१ दिसला म्हणून हवा सोडून देऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर कमी हवेचा निघेल.

रिमचे आकडे

पीसीडी म्हणजे नटबोल्टची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. आय २० ला ४×१००, पोलो जीटीला ५×१००, ऑक्टेव्हियाला ५×११२, मस्टँगला ५×११४.३. ५×११२ ची रिम ५×११४.३ वर "थोडं ओढून" बसवू नका. बोल्ट तिरका बसतो आणि चालता चालता सैल होतो.

सेंटर बोअर म्हणजे मधलं भोक. ते गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर, बसतं. आय २० चा हब ५४.१ मिमी, पोलो आणि ऑक्टेव्हियाचा ५७.१. बाजारातल्या बऱ्याच मॅगव्हीलचं भोक ७३.१ असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना लावता येते. मधली पोकळी भरायला ७३.१ बाहेरून, ५७.१ आतून अशी हब रिंग लागते. ती नसेल तर चाक केसभर एका बाजूला बसतं आणि ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं. मग लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात. बॅलन्सिंग बरोबर असतं, रिंग नसते.

ऑफसेट, म्हणजे रिमवर कोरलेला ईटी. हा आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर येतं. समजा मूळ रिम ७.५ इंच रुंद, ईटी ५१ आहे आणि नवी ८ इंच, ईटी ४५. रुंदी अर्धा इंच वाढली, ती दोन्ही बाजूंना ६.३५ मिमीप्रमाणे वाटली गेली. ऑफसेट सहाने कमी झाला, म्हणजे चाक ६ मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड १२ मिमी पुढे आली आणि आतली कड जवळपास होती तिथेच राहिली. बारा मिलिमीटर बहुतेक मडगार्डमध्ये सामावतात, तरी मोजून पाहावं. ईटी ३५ घेतला तर कड २२ मिमी बाहेर येईल आणि मागे तिघं बसले की खड्ड्यात टायर मडगार्डच्या काठाला घासेल. बेअरिंगवरचा ताणही वाढेल. चुकीचा ऑफसेट स्पेसर (हब आणि रिममध्ये घालायची चकती) लावून जुळवण्याचं काम आम्ही करत नाही.

रिमची रुंदीही टायरला साजेशी हवी. २२५/४० आर १८ साठी ७.५ ते ९ इंच, त्यात ८ सर्वात योग्य. रिमच्या आतल्या बाजूला भार किलोत लिहिलेला असतो, तो पाहा. लिहिलेलाच नसेल तर ती रिम घेऊ नका. आणि वजन काट्यावर करा. रिम जड असेल तर गाडी उचलायला आळशी होते आणि सस्पेन्शनला प्रत्येक खड्डा मोठा लागतो.

कॅलिपरचंही, म्हणजे ब्रेक डिस्कला पकडणाऱ्या भागाचंही, पाहावं लागतं. १८ इंची रिम असूनही काही डिझाइनचे स्पोक आत झुकलेले असतात आणि पुढच्या ब्रेकला टेकतात. त्यामुळे टायर चढवण्यापूर्वी रिकामी रिम पुढच्या हबवर लावून हाताने फिरवून बघायचीच.

बसवताना

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढायचा. गंजाची पातळ पापडी राहिली तरी चाक सपाट बसत नाही. मग बोल्ट. ऑक्टेव्हिया, पोलोच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या मॅगव्हीलना बहुधा ६० अंशांचं निमुळतं लागतं. गोल बोल्ट निमुळत्या खाचेत फक्त एका बारीक कडेवर टेकतो. घट्ट वाटतो, पण शंभर किलोमीटरमध्ये सैल होतो. बोल्ट हाताने किमान सात पूर्ण फेरे आत गेला पाहिजे. शेवटी टॉर्क रेंचने, चांदणीच्या क्रमाने: ऑक्टेव्हियाला १२० न्यूटन मीटर, आय २० ला १०७ ते १२७. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळायचं नाही. पीच (बोल्टचे आटे) तुटते आणि रस्त्यात साध्या पान्याने बोल्ट निघत नाही. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्क तपासायचा.

त्यानंतर बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर ती नव्याने सेट करणं. व्हॉल्व्हमध्ये सेन्सर असतील तर जुन्या रिममधून काढून नव्यात घालावे लागतात. टायरवरचे चार आकडेही स्वतः वाचा: १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. चारही टायर जवळपासच्या तारखेचे घ्या.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. म्हणून तुमच्या मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने स्वतः दिलेलं माप निवडणं सर्वात सुरक्षित. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर आणि गाडीचं पुस्तक यात मापं दिलेली असतात. मॅगव्हीलचं बिल विमा कंपनीला कळवा, नाहीतर अपघातात त्यांची भरपाई मिळण्यात अडचण येते.

मूळचे बोल्ट फेकू नका. स्टेपनी कंपनीचीच राहते आणि तिला मूळचेच बोल्ट लागतात, ऑक्टेव्हिया-पोलोत गोल बुडाचे. एका चाकाला पुरतील इतके बोल्ट पिशवीत घालून पाना आणि जॅकसोबत डिकीत ठेवा, लॉक नटची चावीही त्याच पिशवीत.