आयरिश पूर्वजांचा शोध: चर्चच्या वह्या आणि सरकारी नोंदी

आयर्लंडमधले पणजोबा-खापरपणजोबा शोधायचे तर मुख्य आधार दोनच, एक म्हणजे चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या (पॅरिश रजिस्टर) आणि दुसरा सरकारी जन्म-मृत्यू-लग्न नोंदणी (सिव्हिल रजिस्ट्रेशन). शोधणारे बरेचसे लोक अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे बाहेरचेच असतात, कारण १८४५ पासून बटाट्याचं पीक सडलं, दुष्काळ पडला आणि लाखो माणसं जहाजात बसून निघून गेली, आणि पुढच्या पिढ्यांना "आम्ही कॉर्कचे" एवढंच माहीत राहिलं, कॉर्कमधलं नेमकं कुठलं ते कुणालाच सांगता येत नाही.

आधी एक गैरसमज. "१९२२ मध्ये सगळं जळालं" असं सर्रास बोललं जातं. ३० जून १९२२ ला यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्सच्या आवारातलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस खरंच बेचिराख झालं, त्यात १८२१ ते १८५१ च्या चार जनगणनांचे बहुतेक कागद, मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंडच्या (म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या) निम्म्याहून जास्त वह्या गेल्या. पण १८६१ आणि १८७१ चे जनगणनेचे फॉर्म सरकारने त्याच्या कितीतरी आधी स्वतःच नष्ट केले होते आणि १८८१, १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यात गेले, तेही पाप आगीच्याच माथी मारतात. कॅथलिक वह्या मात्र गावोगावच्या पाद्र्यांकडेच होत्या आणि सरकारी जन्ममृत्यूच्या नोंदी वेगळ्या ऑफिसात, त्यामुळे दोन्ही वाचल्या.

सरकारी नोंदणी १ एप्रिल १८४५ ला सुरू झाली ती फक्त कॅथलिक नसलेल्यांच्या लग्नांची, बाकीचं, म्हणजे सगळ्यांचे जन्म-मृत्यू आणि कॅथलिकांची लग्नं, १ जानेवारी १८६४ पासून. जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, हे सोनं आहे. लग्नाच्या नोंदीत दोघांच्या वडलांची नावं आणि धंदा. मृत्यूच्या नोंदीत मात्र आईबापाचं नाव नसतंच, तिथे बघायचं ते खबर देणारा कोण, बऱ्याचदा मुलगा, सून नाहीतर शेजारी असतो आणि नावापुढे सहीऐवजी फुलीची खूण. हे स्कॅन 'आयरिश जिनिऑलॉजी' या सरकारी साइटवर फुकट दिसतात, नियम असा की जन्म १०० वर्षांपूर्वीचा, लग्न ७५ आणि मृत्यू ५० वर्षांपूर्वीचा हवा. उत्तर आयर्लंडच्या १९२२ नंतरच्या नोंदींसाठी बेलफास्टचं ऑफिस वेगळं.

कॅथलिक वह्यांची मायक्रोफिल्म डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये ऑनलाइन टाकली, हजारावर पॅरिश (एकेका चर्चची हद्द), साधारण १८८० पर्यंतच्या. शहरातल्या वह्या अठराव्या शतकापासून सापडतात पण पश्चिमेकडच्या गरीब भागात कित्येक ठिकाणी १८२० नंतरच सुरू होतात, त्याच्या मागे जायला रस्ता जवळजवळ नाहीच. दफनाच्या नोंदी फार कमी. आणि भाषा बऱ्याचदा लॅटिन, अक्षर कोंबडीच्या पायासारखं, शाई उडालेली. जेम्सचा जॅकोबस होतो, विल्यमचा गुलिएल्मस. एका ओळीत तारीख, बाळाचं नाव, बापाचं नाव, आईचं माहेरच्या आडनावासकट नाव आणि शेवटी 'स्पॉ.' म्हणजे स्पॉन्सर, धर्म-आईबाप, दोन नावं. नवीन माणूस ही शेवटची दोन नावं सोडून देतो आणि तिथेच चुकतो, कारण ते बहुतेक वेळा काका, मावशी असेच कुणी असतात आणि पुढे त्यांच्यावरूनच दोन सारख्या नावांची घरं वेगळी करता येतात. नाव ठेवायची रीत पण कामाला येते, पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, सगळे पाळतातच असं नाही पण अंदाज बांधता येतो.

तारखांवर फार विश्वास ठेवू नये. बाप्तिस्मा दोन-चार दिवसांत उरकायचे, सरकारी नोंदीला मात्र उशीर व्हायचा आणि उशिराला दंड, मग जन्मतारीख पुढे ढकलून सांगायचे, म्हणून बाळ जन्माच्या आधीच बाप्तिस्मा झालेलं दिसतं. वयाचं तर विचारूच नका. १९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण शाबूत आहे आणि फुकट बघता येते, त्यात दहा वर्षांत पंधरा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं भेटतात, कारण १९०९ पासून सत्तरी पार केलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि जन्मदाखला कुणाकडेच नव्हता. मग अधिकारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्या माणसाचं बालपण शोधायचे, ते मूळ कागद पुढे जळाले पण शोधाच्या चिठ्ठ्या राहिल्या, त्यात कधी कधी अख्खं घर उतरवलेलं असतं.

खरी मेख म्हणजे टाउनलँड, आपल्याकडची वाडी समजा, देशभरात साठ हजारांच्या वर आहेत. ते नाव हातात नसेल तर मेरी मर्फी किंवा जॉन सलिव्हन नुसतं शोधत बसणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं. म्हणून सुरुवात आयर्लंडमध्ये न करता जिथे माणूस पोचला तिथे करायची, तिथला लग्नाचा दाखला, थडग्यावरचा दगड, वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी. टाउनलँड कळला की १८४७ ते १८६४ ची ग्रिफिथची व्हॅल्युएशन (करासाठी केलेली जमीन-घरांची मोजणी) उघडायची, त्यात जमीन कोण कसत होतं आणि मालक कोण हे नकाशासकट मिळतं, फक्त नाव खातेदाराचंच, बायकापोरं नाहीत. आडनावाचं स्पेलिंग मनात धरून बसू नये, आडनावाआधीचे 'ओ' आणि 'मॅक' कधी गळतात कधी परत लागतात, ब्रिजेट पुढे डेलिया होते, होनोरा नोरा होते.

आयर्लंडमध्ये धागा तुटला आणि पूर्वज ब्रिटिश फौजेत होता असं कळलं तर मुंबई इलाख्याच्या चर्चचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं बघावीत, पुण्याच्या खडकीसारख्या छावण्यांत आयरिश शिपाई बरेच होते आणि त्या नोंदींच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत.