पार्क अँड राइड

खाजगी वाहन शहराच्या वेशीवरील किंवा उपनगरी स्थानकालगतच्या वाहनतळावर ठेवून मध्यवर्ती भागापर्यंतचा उरलेला प्रवास बस, रेल्वे, ट्राम वा मेट्रोने करण्याची व्यवस्था. यूरोपात अनेक देशांत ‘पी + आर’ या फलकाने ती दर्शवितात. वाहनतळ आणि पुढील सेवा यांची आखणी एकत्र झालेली असणे, हे तिचे मुख्य लक्षण होय. स्थानकाबाहेर मिळेल त्या जागी गाडी लावून जाण्याचा सर्वत्र आढळणारा प्रघात तिच्यात धरावा की नाही, याबाबत एकमत नाही. उगमाविषयीचा मतभेदही बऱ्याच अंशी यातूनच निर्माण झाला आहे.

व्यापक अर्थ घेतल्यास प्रारंभ साधारणपणे १९३० च्या दशकात अमेरिकेत झाला असे मानतात. डिट्रॉइटमध्ये बसथांब्यांजवळच्या पेट्रोल पंपांच्या आवारात मोटारी ठेवण्याची सोय हे त्याचे आरंभीचे उदाहरण म्हणून दिले जाते. रेल्वेपुरते पाहता बॉस्टनजवळ ‘रूट १२८’ या महामार्गालगत १९५३ मध्ये उघडलेले त्याच नावाचे स्थानक अधिक महत्त्वाचे ठरते. महामार्गाने मोटारीतून येणारा उतारू गृहीत धरूनच त्याची जागा निवडली होती. न्यू जर्सीतील मेट्रोपार्क (१९७१) हे त्याच धर्तीचे. ब्रिटनमध्ये अग्रमान सहसा ऑक्सफर्डला दिला जातो. तेथील प्रायोगिक बससेवा १९६० च्या दशकातील असून शहराच्या दक्षिणेस रेडब्रिज येथील कायमचा तळ १९७३ मध्ये सुरू झाला. प्रयोग आणि कायम सेवा यांत भेद केल्यास १९७३ हे वर्ष ग्राह्य धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

ऑक्सफर्डच्या निर्णयामागे जुन्या शहराच्या रक्षणाची निकड होती. ख्राइस्ट चर्च या तेथील जुन्या महाविद्यालयाच्या कुरणातून मोटाररस्ता नेण्याच्या प्रस्तावावर तेथे अनेक वर्षे कडाक्याचा वाद चालला होता. पुढे शहराभोवती असे पाच तळ झाले. त्यांपैकी लंडनच्या बाजूच्या थॉर्नहिल येथे लंडनला जाणाऱ्या बसही थांबतात, त्यामुळे एकाच आवारातून कोणी शहरात जातो, तर कोणी शहराबाहेर. पाचांपैकीच वॉटर ईटनच्या तळाला लागून २०१५ मध्ये ऑक्सफर्ड पार्कवे हे रेल्वेस्थानक झाले.

या व्यवस्थेने वाहतूक खरोखर घटते काय, हा अभ्यासकांमधील प्रमुख वादविषय आहे. वाहतुकीचे अभ्यासक ग्रॅहॅम पार्कहर्स्ट यांनी १९९५ पासून ब्रिटिश शहरांच्या आधारे दाखवून दिले, की शहरातील गर्दी काही प्रमाणात कमी झाली, तरी वेशीबाहेरच्या रस्त्यांवर मोटारींचा प्रवास वाढू शकतो. पूर्वी गावापासूनच बसने येणारे काही जण तळापर्यंत मोटारीने येऊ लागतात. काही वळसा घालून तळ गाठतात. आणि प्रवास सोपा झाल्याने काही फेऱ्या नव्याने होतात. यात ग्रामीण बससेवेचे प्रवासी घटतात आणि मोटार नसलेल्यांची गैरसोय होते. धोरणकर्त्यांनी या परिणामाकडे अधिक गांभीर्याने पाहायला हवे. समर्थक मध्यवस्तीतील मोकळ्या झालेल्या रस्त्यांकडे बोट दाखवितात. मात्र तेथील वाहनतळ तेवढेच ठेवल्यास रिकामी जागा दुसऱ्या मोटारी भरून काढतात. त्यामुळे तळ शक्यतो प्रवाशाच्या घराजवळ असावा आणि मध्यवस्तीतील जागा सोबतच कमी करावी, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

दराच्या रचनेबाबत ॲम्स्टरडॅमची पद्धत उल्लेखनीय आहे. सवलतीचा दर मिळण्यासाठी तळावरून सार्वजनिक वाहनाने मध्यभागात जाऊन परतल्याची नोंद प्रवासकार्डावर असावी लागते. ती पैसे भरण्याच्या यंत्रावर तपासली जाते. कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या आत आल्यास दर जास्त पडतो.

भारतात २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात सायकलस्वारांसाठी या सोयीचा पुरस्कार आहे. मुंबई परिसरात डोंबिवली, कल्याण, बदलापूर येथे स्टेशनजवळच्या पे अँड पार्कमध्ये दुचाकी ठेवून पुढे लोकलने जाणे नित्याचे आहे. यात्राकाळातील व्यवस्था तात्पुरती, पण तत्त्वतः जवळची आहे: सप्तशृंगगडावर नवरात्रात व चैत्रोत्सवात खाजगी वाहने पायथ्याला नांदुरी येथे थांबवितात आणि भाविकांना एसटीने वर नेतात.