बेळगावच्या मध्यवस्तीतील उत्सव व सांस्कृतिक जीवन

बेळगाव (2014 पासून अधिकृत नाव बेळगावी) शहराच्या जुन्या बाजारपेठेत आणि तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत वर्षभर उत्सव, मिरवणुका, व्याख्याने आणि सभा चालू असतात. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, खडेबाजार, चव्हाट गल्ली ही या भागातली ठळक नावे. शहरात नाट्यगृहे आहेत. कुमार गंधर्वांच्या नावाचेही एक आहे, कारण त्यांचा जन्म 1924 साली जवळच्याच सुळेभावीत झाला. तरीही मध्यवस्तीतल्या माणसाला कार्यक्रम म्हटले की आधी रस्ता आठवतो. वर्गणी, तालीम, मांडव, जेवणावळ या सगळ्याचा हिशेब इथे गल्लीवार असतो. गल्लीचे पंच असतात, युवक मंडळ असते, देऊळ असते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेला पोरगासुद्धा स्वतःची ओळख आधी गल्लीच्या नावाने सांगतो.

या सगळ्यात बेळगावची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट म्हणजे शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. महाराष्ट्र शासन 19 फेब्रुवारीला जयंती साजरी करते. बेळगावात मात्र वैशाख शुद्ध द्वितीयेची जुनी तिथी आजही पाळली जाते आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत चित्ररथ निघतात. सुरुवात नरगुंदकर भावे चौकातून होते. ज्यांच्या नावाचा हा चौक, त्या नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना 1858 साली बेळगावातच फाशी झाली. तिथून पुढे मारुती गल्ली, हुतात्मा चौक, रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, खडेबाजार, गणपत गल्ली असा फेरा रात्रभर चालतो आणि शेवटचे रथ परततात तेव्हा उजाडलेले असते.

चित्ररथ म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभारलेला रंगमंच. वर पुठ्ठा, बांबू आणि रंगवलेल्या कापडाचा गड असतो, मागे जनरेटर धडधडत असतो. देखावा जिवंत असतो आणि बेळगावची खरी कला यातच आहे. अफझलखानवध, आग्र्याहून सुटका, पावनखिंड, राज्याभिषेक हे प्रसंग गल्लीतलीच माणसे करतात. संवाद बहुधा आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात. चौक आला की ट्रॅक्टर थांबतो, कर्ण्यातून आवाज सुरू होतो आणि वरचे नट त्या आवाजावर प्रसंग उभा करतात. पुढच्या चौकात तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून. काजळाची मिशी काढलेला सात-आठ वर्षांचा बालशिवाजी मध्यरात्र उलटली तरी ताठ उभा असतो. त्याची आई ट्रॉलीच्या बाजूने चालते आणि रथ थांबला की पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपते, मिशीला धक्का न लावता. रथांच्या पुढे लेझीम, दांडपट्टा, लाठी आणि ढोल-ताशांची पथके असतात. तालुक्यातल्या खेड्यांतून माणसे जेवणाचे डबे घेऊन येतात आणि दुकानांच्या पायऱ्यांवर जागा धरून बसतात. अलीकडे मोठ्या आवाजाच्या यंत्रणेपुढे संवाद ऐकू येत नाहीत, हे या कलेचे मोठे नुकसान आहे. प्रसंग ऐकूच आला नाही तर महिनाभराची तालीम वाया जाते.

सार्वजनिक गणेशोत्सव 1905 साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने झेंडा चौकात सुरू झाला. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड निघते. पांढऱ्या पोशाखात, डोक्याला भगवे फेटे बांधून, बरीचशी मुले अनवाणीच, गल्लीगल्लीतून देवळांकडे धावतात. त्यांच्या वाटेवर बायकांनी अंधारातच उठून रांगोळ्या घातलेल्या असतात.

गणपत गल्लीतले सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे आहे. बाहेर भाजीवाल्यांचा आणि रिक्षांचा गलबला, आणि जिना चढून आत गेले की वर्तमानपत्राचे पान उलटल्याचा आवाज. वाचनालयाची व्याख्यानमाला संसदपटू बॅ. नाथ पै यांच्या नावाने चालते आणि या नावामागे बेळगावकरांच्या मनातला एक दिवस आहे. 17 जानेवारी 1956 रोजी मुंबई केंद्रशासित करण्याच्या घोषणेविरुद्ध उसळलेल्या आंदोलनात बेळगावात गोळीबार झाला आणि माणसे मेली. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी हुतात्मा चौकात अभिवादन होते. 1971 च्या हुतात्मा दिनी नाथ पै बेळगावच्या सभेत बोलले आणि दुसऱ्याच दिवशी, 18 जानेवारीला, या शहरातच त्यांचे निधन झाले.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बेळगावात 1929, 1946 आणि 2000 साली भरले. त्यांतले 1946 चे, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालचे, सर्वांत महत्त्वाचे. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथेच झाला. 2015 मध्ये नाट्यसंमेलनही इथे झाले. याच धर्तीवर कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा अशा आसपासच्या गावांनी स्वतःची साहित्य संमेलने सुरू केली. ग्रंथदिंडीत डोक्यावर कलश घेतलेल्या बायका, शाळेची लेझीम, संध्याकाळी कविसंमेलन असा त्यांचा थाट असतो. सीमाभागात मराठी वाचणारी नवी पिढी घडवण्याचे काम या गावसंमेलनांनी मोठ्या संमेलनांपेक्षा अधिक केले आहे.

मध्यवस्ती एकट्या मराठीची नाही. खडेबाजारातला दुकानदार एका गिऱ्हाईकाशी कन्नडमध्ये, दुसऱ्याशी मराठीत, तिसऱ्याशी उर्दूत बोलतो. 1 नोव्हेंबरला राणी चन्नम्मा चौकात कन्नड राज्योत्सवाची प्रचंड मिरवणूक असते आणि त्याच दिवशी सीमावासीय मराठी माणसे, बेळगाव महाराष्ट्रात न येता कर्नाटकात गेले म्हणून, काळा दिन पाळून निषेध फेरी काढतात. दोन्हीकडे गर्दी होते आणि बंदोबस्तही कडक असतो. इतर दिवशी मात्र गणपतीच्या मांडवात आरतीला उभे राहताना कोण कुठल्या भाषेचा हे कुणी विचारत नाही.

अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक याच रस्त्यांवरून कपिलेश्वर देवळाजवळच्या तलावाकडे जाते. दुपारी निघालेल्या मंडळांचे शेवटचे गणपती दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरतात.