सांधा जातो कुठे?

"काका, रणगाडा चिकटवून झाला का?"

शेजारची आठवीतली मुलगी गेले तीन रविवार गॅलरीतून मला हेच विचारते आहे. कॉलेज रोडवरच्या आमच्या घराच्या गॅलरीत टेबलावर प्लास्टिकच्या मॉडेलचं किट पसरलेलं असतं, आणि तिला ते पूर्ण झालेलं बघायची घाई आहे. तिच्या एवढ्याशा वाक्यात दोन गैरसमज आहेत, आणि ते तिचे एकटीचे नाहीत, घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण ते घेऊनच येतो. पहिला पटकन निपटतो. हा लेख लिहायला बसलो तो दुसऱ्यासाठी.

पहिला असा, की टेबलावर आहे तो रणगाडा नाही, ती तोफ आहे. के९ वज्र. पट्ट्यांवर चालते, वर फिरणारं टरेट, म्हणजे नळी बसवलेली चिलखती खोली आहे, अंगावर पोलादी चिलखत आहे, म्हणून दिसते रणगाड्यासारखी. पण रणगाडा समोर दिसणाऱ्या लक्ष्यावर थेट मारा करतो. वज्र मागे थांबून, डोंगरापलीकडच्या न दिसणाऱ्या लक्ष्यावर उंच कमानीतून गोळा टाकते. नाशिककरांना हा फरक माहीत असायलाच हवा. तोफखान्याचं शिक्षण देणारं 'स्कूल ऑफ आर्टिलरी' आपल्या देवळालीत आहे आणि ही तोफ लष्करात दाखल झाली तो ९ नोव्हेंबर २०१८ चा समारंभही देवळालीतच झाला होता. मूळ आराखडा दक्षिण कोरियाचा, बांधणी गुजरातेत हजिऱ्याला. नळीचा आतला व्यास १५५ मिलिमीटर आणि लांबी त्या व्यासाच्या ५२ पट, म्हणजे आठ मीटरच्या किंचित वर.

माझी तोफ १:३५ प्रमाणातली. त्यामुळे ती आठ मीटरची नळी २३ सेंटिमीटरची होते आणि तिचं तोंड साडेचार मिलिमीटरचंही भरत नाही. लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी ३५ पटींनी घटली, की आकारमान ३५ × ३५ × ३५, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटतं. सुमारे ४७ टनांची मूळ तोफ जशीच्या तशी, त्याच पोलादात या मापाची केली, तर ती ११०० ग्रॅमच्या आसपास भरेल. आपलं किट तर पोकळ प्लास्टिकचं, ते त्याहूनही कितीतरी हलकं.

आता दुसरा शब्द, 'चिकटवणं'.

माझ्या किटमध्ये नळीचे उभे दोन अर्धे आहेत, शेंग उकलावी तसे. दोन्ही अर्धे चौकटीतून कापून घेतले, कडा घासून साफ केल्या आणि चिमटीत एकमेकांवर धरल्या. मॉडेल जोडायच्या द्रवाला 'सिमेंट' म्हणतात. त्याच्या बाटलीच्या झाकणाला आतून बारीक ब्रश असतो. तो सांध्याला एका जागी नुसता टेकवला की पाण्यासारखा पातळ द्रव आपणहून फटीतून सरसर पुढे धावतो. वातीत तेल चढतं त्याच गुणाने. दहा-पंधरा सेकंद थांबायचं आणि मग दोन्ही अर्धे हलकेच दाबायचे. सांध्यावर केसाएवढी चकचकीत कड वर येते. ती मऊ असते, बोट लावायचं नाही. दोन दिवसांनी बारीक पॉलिश पेपरने घासली की कड जाते आणि तिच्याबरोबर सांधाही जातो. नखाला लागत नाही, डोळ्याला दिसत नाही. एकदा मी टाकाऊ तुकडे असेच जोडून आडवे कापले, कापलेली बाजू घासून भिंगाखाली धरली. रेघच नव्हती.

डिंकाने हे होत नाही. पाकिटावर तिकीट लावलं की तिकीट, पाकीट आणि मधला डिंक असे तीन पदार्थ शेवटपर्यंत तीनच राहतात. सुतार लाकडाला फेविकॉल लावतो तेव्हा तो तंतूंत मुरतो खरा, पण मधे थर असतोच. माझ्या बाटलीत मात्र चिकटणारं काहीही नाही. त्यात आहेत ती ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट यांसारखी द्रावकं, म्हणजे विरघळवणारे द्रव. काम झालं की ती हवेत उडून जातात. मागे उरतं ते फक्त किटचं प्लास्टिक.

या द्रावकांची आणि माझी ओळख फार जुनी आहे. त्या काळी गणपतीची मखरं थर्माकोलची असत (महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर बंदी आली ती २०१८ मध्ये). पंचवटीतल्या आमच्या वाड्यात चतुर्थीच्या आदल्या रात्री मी मखराच्या कमानीवर सोनेरी स्प्रेचा फवारा मारला. बघता बघता कमानीला खड्डे पडले, नक्षी आत ओढली गेली, एक खांब निम्मा झाला. वाड्यातल्या एका आजींनी सांगितलं की हा अपशकुन आहे, यंदा बसवू नका. ते वर्ष घरात सगळ्यांनी धाकधुकीत काढलं आणि दोष माझ्या हाताला लागला. कॉलेजात गेल्यावर कळलं की थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, बहुतांश हवा आणि भोवती प्लास्टिकचे पातळ पापुद्रे. रंगातल्या द्रावकाने ते पापुद्रे विरघळवले, बस्स. अपशकुन मानणाऱ्या कुणीही संत्र्याची साल थर्माकोलच्या तुकड्यावर चिमटून तिचा फवारा उडवून पाहावा. सालीतल्या तेलात लिमोनिन नावाचं द्रावक असतं आणि तेही तसेच खड्डे पाडतं. लिमोनिन वापरून केलेलं, संत्र्या-लिंबाच्या वासाचं मॉडेलचं सिमेंट बाजारात मिळतं. ज्या गोष्टीने एका मुलाला वर्षभर अपराधी वाटायला लावलं, तीच गोष्ट आज माझी तोफ जोडते आहे. कारण समजलं की भीती जाते, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

किटचं प्लास्टिकही पॉलिस्टायरीनच, फक्त भरीव. त्याचा एक रेणू म्हणजे एक लांबलचक साखळी, तिच्यात हजारो एकसारख्या कड्या. रेणू इतके लांब असू शकतात ही कल्पना हेरमान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९२० मध्ये मांडली तेव्हा मोठमोठ्या रसायनशास्त्रज्ञांनी ती उडवून लावली होती. त्याने आपलं म्हणणं सिद्ध करायला वापरलेल्या पदार्थांत पॉलिस्टायरीनही होतं. १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

या साखळ्या एकमेकींत वाळलेल्या शेवयांच्या गुंडाळीसारख्या गुंतलेल्या असतात. पॉलिस्टायरीनमध्ये दर दीड-पावणेदोनशे कड्यांमागे एक गुंता पडतो असं धरायला हरकत नाही. प्लास्टिकची ताकद या गुंत्यातच आहे. सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या खाली साखळ्या जागच्या जागी थिजलेल्या असतात, काचेसारख्या. त्याच्या वर गेलं की त्या हलू लागतात आणि प्लास्टिक मऊ पडतं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मोल्डिंग मशीनवर काम करणाऱ्यांना हे रोज दिसतं. तिथे उष्णता देऊन प्लास्टिक वाहतं करतात आणि साच्यात दाबतात.

द्रावक हेच काम खोलीच्या तापमानाला करतं. त्याचे चिमुकले रेणू साखळ्यांच्या मधे शिरतात, त्यांना एकमेकींपासून सुट्या करतात आणि हालचालीला जागा करून देतात. साखळ्या थिजण्याचं तापमान १०० अंशांवरून घसरत खोलीच्या तापमानाच्याही खाली येतं. पाण्याला हे जमत नाही, कारण पाण्याचे रेणू आपापसात घट्ट धरून असतात, पॉलिस्टायरीनच्या साखळ्यांत मिसळणं त्यांच्या स्वभावात नाही.

म्हणजे नळीच्या दोन्ही कडांवर आता एक मऊ थर आहे आणि ते दोन थर एकमेकांना टेकले आहेत. इथून पुढची गोष्ट मला या छंदातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

डाव्या अर्ध्यातल्या साखळीला उजवीकडे जायचं आहे. पण ती सुटी नाही. चहूबाजूंनी शेजारणींनी वेढलेली आहे, त्यामुळे आडवी सरकूच शकत नाही. निफाडकडच्या उसाच्या फडात शिरलेली धामण आठवा. दाट ऊस तिला बाजूला सरकू देत नाही. ती फक्त अंगाच्या लांबीच्या दिशेने, पुढे किंवा मागे, सरपटू शकते. पॉलिमरची, म्हणजे अशा लांबलचक रेणूंच्या पदार्थाची, साखळी तशीच सरपटते, हे १९७१ मध्ये पिएर-जिल द जेन या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलं. १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याचं.

शेजारणींनी मिळून साखळीभोवती जणू एक वाकडीतिकडी नळी केलेली असते. साखळीची लांबी दुप्पट केली की दोन गोष्टी होतात. घर्षण दुप्पट होतं, म्हणून सरपटणं निम्म्या गतीने होतं. शिवाय जुन्या नळीतून पूर्ण बाहेर पडायला दुप्पट अंतर कापावं लागतं, आणि धक्के खात चालणाऱ्याला दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. दोन गुणिले चार, आठ. वेळ लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. प्रत्यक्ष मोजणीत हा घात ३ ऐवजी ३.४ च्या जवळपास येतो.

'धक्के खात चालणारा' म्हणजे काय? सिंहस्थात रामकुंडाच्या गर्दीत सापडलेला माणूस घ्या. कधी इकडून धक्का, कधी तिकडून. १०० धक्क्यांनंतर तो मूळ जागेपासून १०० पावलं दूर जात नाही, सरासरी दहाच पावलं जातो. १०० चं वर्गमूळ. साखळी आपल्या नळीत अशीच पुढे-मागे होते, म्हणून नळीतलं अंतर वेळेच्या वर्गमूळाने वाढतं. पण ती नळीसुद्धा सरळ नाही, तीही गर्दीतल्या माणसाच्या वाटेसारखीच भरकटलेली आहे. म्हणून सांध्यापलीकडे प्रत्यक्ष कापलेलं अंतर त्या अंतराच्याही वर्गमूळाने वाढतं. वर्गमूळाचं वर्गमूळ, म्हणजे वेळेचा एक चतुर्थांश घात. सांध्याची ताकद साखळ्या पलीकडे किती खोल गेल्या यावर ठरते, म्हणून तीही तशीच वाढते. ताकद दुप्पट हवी तर वेळ सोळापट द्यावा लागतो. एका साखळीचं अंग नळीतून पूर्ण बाहेर पडलं की हिशेब संपतो. नवा गुंता जुन्यासारखाच झाला, डावी साखळी कोणती आणि उजवी कोणती हे निसर्गालाही सांगता येणार नाही. सांधा जातो तो असा.

टेबलावर मात्र हा हिशेब इतका स्वच्छ चालत नाही, कारण साखळ्या सरपटत असताना द्रावक उडूनही जात असतं आणि रस्ता पुन्हा थिजत असतो. ही शर्यत आहे. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, ब्युटाइल ॲसिटेट १२६ अंशांना. मे महिन्यात दुपारी नाशिकचा पारा चाळिशीकडे गेलेला असतो. तेव्हा ॲसिटोन जास्त असलेलं सिमेंट कडा एकत्र येईपर्यंत सुकायला लागतं. म्हणून उन्हाळ्यात मी लांब सांधे सकाळी सातच्या आत करतो. खिडक्या सताड उघड्या आणि जवळपास गॅस, उदबत्ती काहीही नाही, हा नियम बाराही महिने. हे द्रव भसकन पेट घेतात आणि त्यांची वाफ डोक्यात जाते. मुलांनी मोठं माणूस शेजारी असल्याशिवाय बाटली उघडू नये.

घाई केल्याचं फळ मी भोगलं आहे. मागच्या एका मॉडेलची नळी मी संध्याकाळी जोडली आणि सकाळी घासून सपाट केली. रंग दिला, सुंदर दिसली. दोन आठवड्यांनी नळीच्या पूर्ण लांबीवर एक बारीक चर उमटला. सांध्यातलं प्लास्टिक द्रावकाने फुगलेलं असतानाच मी ते घासलं होतं. उरलेलं द्रावक हळूहळू उडालं, फुगवटा बसला आणि तेवढी खाच पडली. रंग खरवडून सगळं पुन्हा करावं लागलं.

एका थेंबाने गाडी उचलणाऱ्या इन्स्टंट ग्लूच्या जाहिराती पाहून लोक विचारतात, तोच का नाही वापरत? तो वाईट नाही. पितळी जाळ्या, धातूचे आकडे जोडायला मीही वापरतो, कारण माझं द्रावक पितळेला काही करू शकत नाही. पण इन्स्टंट ग्लू हवेतल्या ओलाव्याने स्वतः घट्ट होतो आणि दोन भागांमध्ये तिसरा, वेगळाच पदार्थ होऊन बसतो. सरळ ओढलं तर दाद देत नाही. कडेने उचकटलं किंवा जोरात आपटलं की टचकन सुटतो. गाडी उचलून दाखवणारे नेहमी सरळ ओढूनच दाखवतात.

आज रविवार, टरेटचं काम काढलं आहे. खऱ्या वज्रचं चिलखत पोलादी पत्र्यांचं, वेल्डिंगने जोडलेलं. वेल्डिंगची ती खवल्याखवल्यांची रेघ मॉडेलवर दाखवायची आहे. सिमेंटची बाटली आत नेऊन ठेवली. मग चौकटीचा टाकाऊ दांडा निरांजनाच्या ज्योतीवर, न टेकवता, मऊ होईपर्यंत धरला आणि बाजूला घेऊन दोन्ही टोकांनी ओढला. केसासारखी तार निघाली. निरांजन शांत करून, पाच मिनिटांनी बाटली बाहेर आणली. तार पत्र्याच्या कोपऱ्यात बसवली, वर ब्रश फिरवला. मिनिटभरात ती साबुदाण्याच्या खिरीसारखी लिबलिबीत झाली. मग पातीच्या टोकाने एकापुढे एक चंद्रकोरी दाबत गेलो. शेजारची मुलगी श्वास रोखून बघत होती. पत्र्याशी तार एकजीव होते आहे, म्हणजे हेसुद्धा वेल्डिंगच ना, असं तिने विचारलं. होय, वेल्डिंगच. पोलादाला हजारो अंशांची ज्योत लागते, इथे ब्रशचं टोक पुरलं.

पुठ्ठ्याच्या खोक्याखाली टरेट झाकून ठेवलं आहे. मंगळवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, तिनेही नाही आणि मीही नाही.