शेजारच्या घरात चौकार आधी का लागतो?

क्रिकेटचा सामना आमच्या जामठ्याच्या स्टेडियमवर असो की मेलबर्नला, नागपुरातल्या कुठल्याही फ्लॅट स्कीममध्ये एक प्रकार हमखास घडतो. समोरच्या घरात डिशवर मॅच लागलेली असते, आपल्या हातात टॅब असतो. समोर आरडाओरडा होतो तेव्हा आपल्या स्क्रीनवर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला उभा राहून चेंडू पुसत असतो. "काऊन बे, नेट स्लो आहे का तुझं?" असा प्रश्न येतो आणि आठवड्याभरात घरात दुप्पट स्पीडचा प्लॅन येतो. पुढच्या सामन्यात आरडाओरडा पुन्हा तेवढाच आधी ऐकू येतो.

खरं तर रस्त्याच्या हिशोबाने टॅब जिंकायला हवा. डिशवरचा सिग्नल विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किमी उंचीवरच्या उपग्रहाकडे जातो आणि तेवढंच अंतर खाली येतो. प्रकाशाच्या वेगाने ७२,००० किमी म्हणजे जवळपास पाव सेकंद. ऑप्टिकल फायबरच्या काचेत प्रकाश थोडा मंदावतो, सेकंदाला साधारण २ लाख किमी. मुंबईहून नागपूरला येणारी केबल वळणं घेत हजार किमी झाली असं धरलं, तरी हा प्रवास ५ मिलिसेकंदांचा आहे. मग टॅब वीस-तीस सेकंद मागे पडतो, ते जातात कुठे?

थोडे जातात चित्रं आवळण्यात, म्हणजे कॉम्प्रेस करण्यात. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रं धरली तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. आपल्यापर्यंत मात्र सेकंदाला साधारण ५० लाख बिटच, म्हणजे ५ एमबीपीएस, येतात. अडीचशे पट आवळलेली ही चित्रं मुळात एका गणितावर उभी आहेत. बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' मांडलं. चित्राचे छोटे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन कोसाइन लहरींच्या बेरजेत लिहायचा आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या बारीक लहरी टाकून द्यायच्या. जेपेग फोटो याच रीतीने होतात, आणि एच.२६४ व्हिडिओत याचीच पूर्णांकी आवृत्ती वापरतात.

व्हिडिओत आणखी एक युक्ती आहे. प्रत्येक चित्र पूर्ण पाठवतच नाहीत. फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र. आय-फ्रेम तेवढी पूर्ण असते. पी-फ्रेम फक्त आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं ते सांगते, आणि बी-फ्रेम मागच्या व पुढच्या अशा दोन्ही चित्रांचा आधार घेते. पुढचं चित्र हाती यायच्या आत बी-फ्रेम लिहिता येत नाही, म्हणून एन्कोडर, म्हणजे चित्रं आवळणारं यंत्र, थांबतो. पण ही थांबणूक डिशवाल्यांनाही चुकत नाही. त्यांचंही प्रक्षेपण काही सेकंद मागे असतंच.

खरा फरक पडतो तो पुढे, तुकड्यांमध्ये. फोनवरचं 'लाइव्ह' म्हणजे सलग वाहणारी धार नव्हे, ती लहान-लहान फायलींची रांग असते. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस (एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग) पद्धतीत व्हिडिओचे साधारण ६ सेकंदांचे तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवतात: २४० पी, ४८० पी, ७२० पी, १०८० पी. सोबत एक यादी असते. फोन ती यादी सारखी वाचतो आणि वेबपेज मागवावं तसा एकेक तुकडा मागवतो. तुकडे साध्या फायली असल्यामुळे त्यांच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवता येतात. लाखो लोक एकाच वेळी सामना बघू शकतात ते यामुळेच.

कोणता दर्जा मागवायचा हे सर्व्हर ठरवत नाही, तुमचा फोन ठरवतो. मागचा तुकडा किती वेळात आला आणि आधीच उतरवून ठेवलेल्या साठ्यात किती सेकंद शिल्लक आहेत, या दोन आकड्यांवर त्याचं गणित चालतं. तुकडा उशिरा आला की पुढचा खालच्या दर्जाचा मागवायचा. मधेच चित्र धुरकट होऊन परत स्वच्छ होतं ना, तो बिघाड नसून फोनने घेतलेला शहाणा निर्णय असतो. गोल फिरत बसण्यापेक्षा धुरकट बरं!

आता प्लॅनकडे या. ५ एमबीपीएसचा ६ सेकंदांचा तुकडा म्हणजे ३० मेगाबिट. २० एमबीपीएसच्या लाइनवर तो दीड सेकंदात येतो, ३०० च्या लाइनवर ०.१ सेकंदात. पुढे? पुढचा तुकडा अजून जन्मलाच नाही. पोळी तव्यावर असताना वाढणारा कितीही पळाला तरी पानात काय पडणार? शिवाय एचएलएसचा नियमच असा, की प्लेअरने यादीच्या शेवटापासून किमान ३ तुकडे मागे राहून सुरुवात करावी, म्हणजे अधेमधे नेट अडखळलं तरी साठा असतो. तीन सक अठरा. हे १८ सेकंद मुद्दाम ठेवलेले असतात. त्यात तुकडा पुरा होण्याची वाट, आवळणं आणि प्रती पसरवणं मिळवा, की हिशोब लागला.

जाता जाता एक. "मी जागा बदलली की विकेट पडते" असं मानणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत. सोफ्यावरून उठून खुर्चीत बसल्यावर जो चेंडू दिसतो, तो फोनवर बघणाऱ्यांच्या बाबतीत अर्ध्या मिनिटापूर्वीच पडून गेलेला असतो. खुर्चीची महती आता काळातही मागे जाते म्हणायची.

हा उशीर कमी करता येतो. २०१९ मध्ये ॲपलने एचएलएसची कमी विलंबाची आवृत्ती जाहीर केली. तीत तुकड्याचेही तुकडे करून ते तयार होतील तसे पाठवतात. पण साठा जितका लहान, तितकी अडखळण्याची भीती मोठी. म्हणून फायनलला कंपन्या सहसा जपूनच खेळतात.

फोनवर मॅच लावताना त्यामुळे स्पीडपेक्षा सातत्य बघा. राउटर जवळ असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय निवडा. दोन भिंती पलीकडे असेल तर २.४ बरं. उन्हाळ्यात राउटर आणि टॅब यांच्या मधोमध पत्र्याचा कूलर येऊ देऊ नका. पत्रा लहरी परतवतो आणि ओल्या ताट्या त्या शोषतात. मे महिन्यात ४५ अंशांत चार्जिंगला लावून मॅच बघितली तर फोन तापून स्वतःच मंदावतो, आणि दोष नेटला जातो. मोबाइल डेटावर असाल तर १०८० पी ला तासाला सव्वादोन जीबी लागतात, १ एमबीपीएसच्या ४८० पी ला ४५० एमबी. सहा इंची फोनवर हा फरक फारसा जाणवत नाही, टॅबवर जाणवतो.

काही स्वस्त अँड्रॉइड टॅबवर ॲप एचडी देतच नाही. तिथे वाइडवाइन या कॉपीरोधक कुलपाची पातळी तपासा. एल१ असेल तर ठीक. एल३ असेल तर बऱ्याच सेवा साध्या दर्जावरच थांबतात, प्लॅन कोणताही घ्या. 'फ्री मॅच' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या एपीके फायली (ॲप स्टोअरबाहेरून टाकायची ॲप) आणि 'नेट बूस्टर' ॲप मात्र टाकूच नका. जो तुकडा बनलाच नाही तो कोणताही बूस्टर आणू शकत नाही, तुमचे कॉन्टॅक्ट मात्र घेऊन जाऊ शकतो.

आणि स्कोअर सांगणाऱ्या ॲपचं नोटिफिकेशन सामन्यापुरतं बंद ठेवा. त्या एका ओळीला तुकडे लागत नाहीत की साठा, म्हणून ती चित्राच्या आधी पोचते. स्कीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही तोच न्याय.