गरोदरपणात घरी बीपी मोजताना

गरोदरपणात बीपी आधी उतरतं, मग चढतं. सुरुवातीपासूनच रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे पाचव्या महिन्याच्या आसपास आकडे नेहमीपेक्षा खाली असतात आणि दिवस भरत येतात तसे पुन्हा वर सरकतात. जिला आधीपासूनच बीपी आहे, तिचेही आकडे मधल्या महिन्यांत छान दिसू शकतात. सुरुवातीची नोंद नसेल, तर सातव्या महिन्यात चढलेलं बीपी जुनं की नवं, हे डॉक्टरांनाही ठरवणं अवघड जातं. मशीन घ्यायचंच असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच घ्यावं.

मनगटाचं नको, दंडाला पट्टा बांधायचं घ्या. दंडाच्या मानाने पट्टा आखूड असला की आकडा उगाच वर जातो. आणखी एक चूक घरोघरी होते. डाव्या कुशीवर झोपायला सांगितलेलं असतं, म्हणून तसंच पडून वरच्या, म्हणजे उजव्या हाताला पट्टा बांधला जातो. तो दंड हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर वर असला, तर आकडा सात-आठने कमी येतो. खरं बीपी १४६ असताना मशीन १३८ दाखवतं आणि घरचे निर्धास्त होतात. त्यापेक्षा लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहावेत. नको वाटणारा आकडा गाळायचा मोह होतोच.

इंग्लंडमधल्या 'बम्प' चाचणीत जास्त धोका असलेल्या सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांपैकी निम्म्यांना घरी बीपी मोजायला दिलं. २०२२ मध्ये निकाल आला: त्यांच्यात वाढलेल्या बीपीचं निदान काही लवकर झालं नाही. मला यात नवल वाटत नाही. नुसतं मोजून भागत नाही. आकडा पाहून कुणीतरी हालचाल करावी लागते. म्हणून मर्यादा आधीच ठाऊक हव्यात. १४०/९० किंवा जास्त आलं तर थोडं थांबून पुन्हा मोजा, आणि तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० झाला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट दवाखाना. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे, चेहऱ्यावर अचानक सूज, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, यांतलं काही असेल तर मशीन काहीही म्हणो, निघा. ते पोटदुखणं 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिऊन घालवलं जातं, त्याची मला जास्त भीती वाटते.

औषधांचा प्रश्न नागपूरने बराच सोपा केला. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत बीपी फार चढलेल्या ८९४ गरोदर स्त्रियांना निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथिलडोपा तोंडावाटे दिलं. सहा तासांत, गंभीर त्रास न होता, बीपी आटोक्यात येण्याचं प्रमाण अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के होतं ('लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक, २०१९). हे सगळं रुग्णालयात, देखरेखीखाली झालं. घरात सासूबाईंची टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीची पट्टी असते, तिला हात लावू नये. त्या गटातली औषधं बाळाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. मीठ बंद करण्याचा आग्रहही सोडावा, कमी मिठाने प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात बीपी चढून इतर अवयवांनाही त्रास होणारा आजार) टळत नाही.

बाळंतपण झालं की मशीन कपाटात जातं. पण बीपी सर्वांत जास्त चढतं ते प्रसूतीनंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसात, नेमकं घरी सोडल्यावर, बारशाची तयारी चाललेली असताना. चढलेल्या बीपीसोबतचे झटके (फिट) तेव्हाही येऊ शकतात. पहिला आठवडा-दहा दिवस तरी बाळंतिणीचं बीपी रोज मोजा, आणि गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना विचारूनच कमी करा.